चार गिगाहर्ट्झच्या अलीकडे

पिंपरी-चिंचवडमध्ये गुरुवारी बायोस अपडेट करायला बसू नये. गुरुवार हा आमच्या एमआयडीसीच्या साप्ताहिक सुट्टीचा वार. कारखाने बंद असतात म्हणून महावितरणही देखभाल-दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढतं, आणि सकाळी गेलेली वीज कधी येईल याचा भरवसा नसतो. बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम. जुना पुसून नवा लिहिला जात असताना वीज गेली, तर बोर्ड पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. काही महागड्या बोर्डांवर राखीव दुसरी चिप असते, स्वस्त बोर्डांवर बहुधा नसते. म्हणून २०२३ च्या जानेवारीत मी माझ्या 'नव्या' बोर्डाचा बायोस अपडेट केला तो रविवारी पहाटे, शेजारच्यांचा यूपीएस मागून आणून. पट्टी शंभर टक्क्यांवर पोचून मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, तेव्हा कुठे मी चहा टाकला.

मी चिखलीत राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात फिक्स्चर डिझाइन करतो. मोशीचा इंद्रायणी पूल, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा, या रस्त्याला दिवसाचा मोठा तुकडा जातो. उरलेल्या वेळात, रात्री जेवण झाल्यावर, घरच्या कॉम्प्युटरवर भोसरीतल्या जॉबवर्कवाल्यांसाठी व्हीएमसीचे, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटर-नियंत्रित मशीनचे, प्रोग्रॅम करतो. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि नंतर हा सगळा पट्टा मोठ्या कारखान्यांचा म्हणून ओळखला जाऊ लागला. पण त्या कारखान्यांना लागणारे डाय, गेज आणि फिक्स्चर अजूनही भोसरीच्या गाळ्यांत होतात. तिथला हिशोब मला नेहमी खटकतो. गाळ्यात व्हीएमसी बसवायला वीस-पंचवीस लाखांचं कर्ज काढलेलं असतं, आणि त्या मशीनला रात्रंदिवस काम पुरवणारा प्रोग्रॅम तयार होतो तीस-पस्तीस हजारांच्या असेम्बल्ड पीसीवर. माझाही त्यातलाच.

२०१९ मध्ये तो जोडला तेव्हा सगळ्यांनी दिलेला सल्ला एकच होता : पैसे प्रोसेसरमध्ये घाल, बोर्डात वाचव. त्याप्रमाणे सहा कोअरचा रायझन ५ २६००, त्याच्याखाली ए-३२० चिपसेटचा सगळ्यात स्वस्त बोर्ड, आठ जीबीची एकच २४०० ची रॅम, १०५० टीआय ग्राफिक कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस. दोन वर्षं त्यानं उत्तम काम केलं. मॉडेलिंग करताना तक्रार नव्हती, कारण पॅरामेट्रिक मॉडेल पुन्हा बांधताना काम बहुतेक एकाच कोअरवर चालतं आणि तेवढा एक कोअर ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत आरामात जायचा. प्रश्न यायचा टूलपाथ, म्हणजे कटरनं फिरायचा मार्ग, काढताना. डायच्या कॅव्हिटीचं फिनिशिंग असेल तर सहाही कोअर एकदम कामाला लागतात आणि बराच वेळ लागलेले राहतात.

मे महिन्यात हे गणित वीस मिनिटांवरून अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ लागलं. तोच प्रोग्रॅम, तीच सेटिंग. एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम लावून बघितलं, तर क्लॉक स्पीड मध्येच दोन गिगाहर्ट्झच्या आसपास पडायचा, थोडा वेळ तिथंच राहायचा, मग पुन्हा वर यायचा. पहिला संशय साहजिकच प्रोसेसरवर. पण त्याचं तापमान सत्तरीत होतं, आणि एएमडीनं या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश दिलेली आहे. म्हणजे प्रोसेसर तापलेला नसताना त्याला कोणीतरी मागे ओढत होतं.

ते कोण, हे कळायला बोर्डावरचा वीजपुरवठ्याचा भाग समजून घ्यावा लागतो. एसएमपीएसकडून येतात बारा व्होल्ट. प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. हा उतार बोर्डावरचे मॉस्फेट आणि चोक करतात. प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी चौकोनी करड्या ठोकळ्यांची रांग दिसते, तीच ही जागा. तिला व्हीआरएम म्हणतात. आता ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा हा प्रोसेसर सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत घेऊ शकतो. ८८ ला सव्वानं भागलं की सत्तर अँपिअर येतात. अडीच एमएमचा रॉड लावून वेल्डिंग करताना मशीनवर साधारण एवढाच करंट ठेवतात. तो माझ्या बोर्डावर नखाएवढ्या मोजक्या मॉस्फेटमधून जात होता, आणि त्यांच्यावर हीटसिंक म्हणून पत्र्याचा तुकडासुद्धा नव्हता. ते तापले की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कापत होता. खात्री करायला एक जुना कॅबिनेट फॅन झिप टायनं त्या भागावर बांधला. क्लॉक पडायचं प्रमाण लगेच कमी झालं. निदान पक्कं झालं, पण पंखा बांधून किती दिवस ढकलणार?

बोर्ड तेव्हाच बदलायचा होता. पण ते २०२१ साल होतं. चिपच्या टंचाईनं कॉम्प्युटरच्या वस्तूंचे भाव वर चढलेले, ग्राफिक कार्ड तर बघायलाही मिळत नव्हती. त्याच टंचाईनं आमच्या पट्ट्यातल्या वाहनांच्या लाइनीही थांबवल्या होत्या. महिंद्रानं त्या सप्टेंबरात आपल्या वाहन कारखान्यांत काही दिवस उत्पादन बंद ठेवायचं जाहीर केलं. गाडीच्या कंट्रोल युनिटमधली चिप मिळेना म्हणून वर गाडी अडली, गाडी अडली म्हणून खाली फिक्स्चरच्या ऑर्डरी अडल्या. अशा वेळी घरच्या कॉम्प्युटरवर खर्च करायची हिंमत होत नाही.

पुढच्या वर्षी चित्र बदललं. २०२२ च्या सप्टेंबरात एएमडीनं एएम-५ हे नवं सॉकेट बाजारात आणलं. जुन्या एएम-४ सॉकेटचे चांगले बोर्ड लोक विकायला काढू लागले. निगडी प्राधिकरणातल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडे बी-४५० चिपसेटचा बोर्ड होता. घरी जाऊन त्याच्याच मशीनवर चालू स्थितीत बघितला, कपॅसिटर फुगलेले नाहीत ना, रॅमचे चारही स्लॉट चालतात ना, मागचे यूएसबी नीट आहेत ना, एवढं तपासलं आणि घेतला. नव्या बोर्डाच्या जवळपास निम्म्या किमतीत काम झालं. मला त्यात सगळ्यात आवडले ते मॉस्फेटवरचे ॲल्युमिनियमचे हीटसिंक, स्क्रूनं आवळलेले.

ए-३२० आणि बी-४५० यांत आणखी एक फरक आहे. माझा प्रोसेसर मुळात मल्टिप्लायर मोकळा ठेवून विकलेला. त्याचा वेग वापरणाऱ्याला वाढवता येतो. पण ए-३२० चिपसेटवर एएमडीनं तो पर्यायच ठेवलेला नाही. बायोसमध्ये तो मेन्यूच नसतो. कुलूप प्रोसेसरला नव्हतं, खालच्या बोर्डाला होतं. माझ्या जुन्या बोर्डाचे उघडे मॉस्फेट पाहिल्यावर त्या कुलपामागे काही अर्थ होता हेही मान्य करावं लागतं.

या कुलपांचा इतिहास जुना आणि रंजक आहे. १९९८ साली इंटेलनं सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर काढला. त्याचा मल्टिप्लायर बंद होता, साडेचारावर. पण बस ६६ मेगाहर्ट्झची. लोकांनी ती बोर्डावर शंभरची केली आणि ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चालू लागला, इंटेलच्याच कितीतरी महाग पेंटियम टूच्या बरोबरीनं. अॅबिट नावाच्या तैवानी कंपनीच्या बीएच-६ बोर्डात त्यासाठी जंपर हलवायची गरज नव्हती, बायोसच्या मेन्यूतून बस बदलता यायची. बायोसमध्ये शिरून कॉम्प्युटरची मर्यादा शोधायची सवय खिशाला परवडणाऱ्या मशीनवाल्यांना तेव्हापासून लागली. आज प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या मर्यादेच्या जवळ पळवून पाठवतात, त्यामुळे दीडपट वेगाचे दिवस संपले. उरलंय ते शेवटचं थोडंसं अंतर. ते किती आहे हे मोजण्यातच मला रस होता.

बोर्ड बदलण्याच्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका येऊन बसले. टेल्कोच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. कॉम्प्युटर त्यांना फक्त रेल्वेचं तिकीट काढण्यापुरता लागतो, पण कुठलीही गोष्ट खोलली जात असली की त्यांना राहवत नाही.

"हे काढायच्या आधी चालू का केलंस?" त्यांनी विचारलं.

एएम-४ च्या प्रोसेसरला खाली १३३१ बारीक पिना असतात आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूनं धरून ठेवतं. कूलरखालची पेस्ट वर्षानुवर्षांत वाळून घट्ट झालेली असते. थंड कूलर सरळ वर ओढला तर बंद सॉकेटमधून प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं कामाला लावून पेस्ट मऊ करायची, मग बंद करून, प्लग काढून, कूलर आधी डावी-उजवीकडे हळूहळू फिरवायचा आणि सुटल्यावरच उचलायचा. काकांना हे पटलं. त्यांनी टॉर्च धरली आणि शेवटपर्यंत हलवली नाही.

बाकीचं काम शांतपणे करण्याचं आहे, अवघड नाही. कूलर चार स्क्रूचा असल्यामुळे नव्या बोर्डावरचे प्लॅस्टिकचे ब्रॅकेट काढावे लागले आणि मागची पट्टी जागेवर धरून ठेवावी लागली. प्रोसेसरच्या पॉवरचं आठ पिनांचं कनेक्शन पूर्ण लावलं. चार पिनांवर मशीन सुरू होतं, पण पुढं जे करायचं होतं त्यासाठी आठही हवीत. रॅम या वेळी दोन घेतल्या, आठ-आठ जीबीच्या, ३२०० च्या, आणि प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या. बोर्ड बदलला की विंडोजला आपण दुसऱ्याच कॉम्प्युटरवर आलोय असं वाटतं. माझं लायसन्स रीटेल असल्यामुळे ते पुन्हा अॅक्टिव्हेट झालं.

आता बायोस. डिलीट दाबून आत शिरल्यावर जुन्या बोर्डाच्या तुलनेत हा वेगळाच मुलूख होता. सीपीयू रेशो, कोअर व्होल्टेज, एसओसी व्होल्टेज, लोड-लाइन कॅलिब्रेशन, रॅमच्या टायमिंगची पानंच्या पानं. व्होल्टेजचा आकडा वाढवत नेला की तो आधी पिवळा होतो, मग लाल. पण लाल झाला तरी बायोस तो घेतो, अडवत नाही. प्रोसेसर कायमचा खराब करू शकेल असा आकडासुद्धा निमूट घेतो. इथं रेलिंग नाही हे आत शिरणाऱ्यानं पहिल्या मिनिटाला लक्षात घ्यायला हवं. मी माझी हद्द आधीच वहीत लिहून ठेवली : रोजच्या वापरासाठी १.३५ व्होल्टच्या वर जायचं नाही, थोड्या वेळाच्या चाचणीसाठी १.४, त्यापुढे नाही.

सुरुवात रॅमपासून केली, आणि स्वस्त मशीनवर ती रॅमपासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. रायझनमध्ये कोअरचे गट आणि मेमरी कंट्रोलर यांना जोडणारी एक अंतर्गत वाहिनी असते, इन्फिनिटी फॅब्रिक. या पिढीत तिचा वेग रॅमच्या आकड्याच्या निम्मा असतो. २४०० ची रॅम म्हणजे फॅब्रिक १२०० मेगाहर्ट्झवर. रॅम वाढवली की प्रोसेसरच्या आतली ये-जाही वेगानं होते. शिवाय एकाऐवजी दोन रॅम म्हणजे दोन चॅनेल. जुन्या मशीनची मेमरी सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी हलवू शकत होती.

रॅमवरच लिहून आलेलं एक्सएमपी प्रोफाइल चालू करून ३२०० निवडलं. स्क्रीन काळी, पंखे फिरतात, थांबतात, पुन्हा फिरतात. बोर्ड रॅमशी जुळवून घेतोय, याला ट्रेनिंग म्हणतात. इथं घाबरून बटण दाबायचं नसतं. थोड्या वेळानं चित्र आलं. विंडोज सुरू झालं, सगळं छान चालू लागलं. बहुतेक लोक इथंच थांबतात. मी रात्रभर मेमटेस्ट लावून झोपलो आणि सकाळी उठून बघतो तो स्क्रीनवर लाल ओळी. मोजक्याच, पण होत्या. एसओसी व्होल्टेज थोडं वाढवून बघितलं, टायमिंग सैल केलं. ओळी कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. २९३३ वर आणलं आणि पुढच्या रात्री एकही चूक नाही. या प्रोसेसरसाठी एएमडीनं अधिकृतपणे सांगितलेला आकडा २९३३ हाच आहे. तिथंच ठेवलं. दोन चॅनेलवर २९३३ म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ जीबी, आधीच्या जवळजवळ अडीचपट.

त्या मोजक्या लाल ओळींबद्दल मी इतका हट्ट का धरला, ते सांगायला हवं. गेम खेळणाऱ्याच्या मशीनमध्ये मेमरीची चूक झाली तर गेम बंद पडतो, तो पुन्हा सुरू करतो. माझ्या मशीनमधून बाहेर पडतात व्हीएमसीला चालवणाऱ्या जी-कोडच्या हजारो ओळी. त्यातल्या एखाद्या झेडच्या आकड्यात एक बिट उलटं पडलं, तर ते मला दिसेलच असं नाही. सिम्युलेशन बहुतेक चुका पकडतं, ऑपरेटरही पहिल्या तुकड्याला हात बटणावर ठेवून असतो. तरीही शक्यता उरते, आणि ती उरली तर तिकडे कार्बाइडचा कटर तुटतो, आठवडाभर घडवलेला डाय स्टीलचा ठोकळा भंगारात जातो, आणि स्पिंडलला धक्का बसला तर गाळ्याच्या मालकाचा हप्ता थांबतो. नुकसान माझ्या घरात होत नाही, दुसऱ्याच्या होतं. म्हणून ज्या वेगावर एकही चूक दिसली तो वेग माझ्यासाठी अस्तित्वातच नव्हता.

मग प्रोसेसर. कारखान्याच्या सेटिंगवर, सहाही कोअर कामात असताना, नव्या बोर्डावर ३.७ गिगाहर्ट्झ स्थिर मिळत होते, १.२ व्होल्टच्या आसपास. म्हणजे नुसता बोर्ड बदलल्यानं मधली घसरण संपली होती. तिथून रेशो पाव-पाव पायरीनं, म्हणजे पंचवीस-पंचवीस मेगाहर्ट्झनं वर नेता येतो. प्रत्येक टप्प्याला प्राइम९५ लावायचं. हा प्रोग्रॅम मुळात मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी १९९६ पासून जगभरचे लोक आपापल्या कॉम्प्युटरवर चालवतात. एकही आकडा चुकला तर सगळा शोध वाया, म्हणून त्यात हिशोब पडताळून बघायची कडक सोय आहे. तिचाच उपयोग मशीन तावून बघायला होतो. सहजासहजी चूक न दाखवणारा प्रोसेसर इथं पकडला जातो.

३.८ ला व्होल्टेज जवळपास तेवढंच लागलं. ३.९ ला १.२५. चार गिगाहर्ट्झला १.३२५. इथं वहीत एक गणित मांडलं. प्रोसेसरमध्ये जळणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ३.७ वरून ४.० म्हणजे वेग आठ टक्के जास्त. पण १.२ वरून १.३२५ चा वर्ग धरला तर उष्णता सुमारे ३२ टक्के जास्त. आठ टक्क्यांसाठी बत्तीस टक्के.

मॉस्फेटचं तापमान दाखवणारा सेन्सर या बोर्डावर आहे, पण माझा त्यावर विश्वास बसेना. चाकणला मेंटेनन्सवाल्यांकडे बेअरिंगचं तापमान बघायचा इन्फ्रारेड थर्मामीटर असतो. परवानगी घेऊन तो शनिवारी घरी आणला. हीटसिंकवर रोखला तर आकडा आला ४१. काका लगेच म्हणाले, "चकचकीत धातूवर हे मीटर खरं सांगत नाही. त्याच्यावर मास्किंग टेप चिकटव आणि टेपवर रोख." टेप लावली. ६८. सेन्सर जवळपास तेच सांगत होता. चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूचं प्रतिबिंब दाखवतो, हे पुस्तकात मी वाचलं होतं. काकांनी ते भट्टीतून निघणाऱ्या जॉबवर वर्षानुवर्षं वापरलं होतं. पुढची सगळी मोजमापं त्या टेपवर झाली, आणि वहीतले आकडे त्यांच्या अक्षरात आहेत.

४.१ ला मशीन १.३५ मध्ये सुरूच होईना. दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं टेकवून सीमॉस क्लिअर करायचा, पुन्हा आत शिरायचं. १.४ वर विंडोज आलं. प्राइम९५ सुरू केल्यावर प्रोसेसरचा आकडा नव्वदीला भिडला, टेपवर ८९ दिसले, आणि पाचव्या वर्करनं हिशोब चुकल्याचं सांगून काम थांबवलं. जानेवारीची रात्र होती, खिडकी उघडी होती. अडीच टक्के जास्त वेगासाठी आणखी चौदा टक्के उष्णता, आणि तरीही चूक. प्रोसेसरबरोबर मिळालेल्या छोट्या कूलरवर या मशीनची भिंत इथं होती. दुसरा मोठा कूलर लावला असता तर ती थोडी सरकली असती, पण त्या पैशांत मी रॅम घेतली होती आणि तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

काकांनी वहीकडे बघत विचारलं, "चारवर ठेवणार?"

"नाही काका. ३.९."

त्याचं कारण नुसती सावधगिरी नव्हतं. या प्रोसेसरवर रेशो हातानं ठरवला की त्याचं आपोआप वर-खाली होणं थांबतं. मी ३.८ ठेवले असते तर एका कोअरच्या कामाला मूळचे ३.९ मिळाले नसते, मॉडेलिंग उलट मंदावलं असतं. ३.९ वर तसं होत नाही. कारखान्यानं जो वेग फक्त हलक्या कामाला दिला होता तो आता सहाही कोअरना कायम मिळतो. आणि चारच्या तुलनेत उष्णता तेरा टक्क्यांनी कमी. व्होल्टेज १.२५, माझ्या हद्दीच्या बऱ्याच आत. रात्रभर प्राइम, रात्रभर मेमटेस्ट, मग त्या सेटिंगवर एका जुन्या डायचे सगळे टूलपाथ पुन्हा काढून आधीच्या फाइलींशी ओळ न् ओळ ताडून बघितले. फरक शून्य. त्यानंतरच पहिला प्रोग्रॅम भोसरीला गेला.

कॅव्हिटी फिनिशिंगचं जे गणित चांगल्या दिवसातही वीस मिनिटं घ्यायचं, ते नव्या बोर्डावर नव्या रॅमनिशी साधारण सोळावर आलं. ओव्हरक्लॉकनं त्यातलं आणखी एखादं मिनिट काढलं. म्हणजे खरा फायदा रॅमचा आणि स्थिर वीजपुरवठ्याचा. ज्याचा गवगवा होतो त्या गिगाहर्ट्झचा वाटा सगळ्यात छोटा. कोणी बजेट मशीन घेऊन मला विचारलं तर मी याच क्रमानं खर्च करायला सांगतो. पण तो छोटा वाटा शोधताना बोर्डाचा प्रत्येक भाग कशासाठी आहे हे मला कळलं. ते केवळ वाचून कळलं नसतं.

मे महिन्याची मी वाटच बघत होतो. आमचं घर वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत ऊन परत देत राहतो. जानेवारीत खोलीत बावीस अंश असायचे, आता छत्तीस. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, खोलीत जेवढे अंश वाढतात साधारण तेवढे प्रोसेसरवरही वाढतात. जानेवारीत प्राइमवर ७७ दाखवणारा प्रोसेसर ९२ ला गेला. चूक आली नाही, पण ९५ ची मर्यादा तीन अंशांवर होती आणि कॅबिनेटच्या जाळीत मोशी-चिखली रस्त्याची धूळ रोज थोडी थोडी बसत होती. जानेवारीत मोजलेली मर्यादा मे महिन्यात लागू नव्हती. थंड देशातल्या माणसानं सांगितलेला सुरक्षित आकडा आपल्याकडे जसाच्या तसा उचलता येत नाही तो याचसाठी.

बायोसमध्ये सेटिंग साठवून ठेवायला प्रोफाइलचे कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात जानेवारीचं ३.९ ठेवलं. दुसऱ्यात उन्हाळ्याचं : रेशो पुन्हा ऑटोवर, रॅम २९३३ वरच, आणि व्होल्टेजला थोडा उणे ऑफसेट. कारखान्याच्या सेटिंगमध्ये प्रत्येक प्रोसेसर चालावा म्हणून व्होल्टेज थोडं जास्तच ठेवलेलं असतं. माझ्या नगाला तेवढं लागत नाही हे चाचण्यांतून कळलंच होतं. त्या प्रोफाइलवर मे महिन्यातही प्रोसेसर ऐंशीच्या खाली राहिला, एका कोअरचे ३.९ शाबूत राहिले आणि गणिताला एखादं मिनिट जास्त लागलं. होळीनंतर दुसरा कप्पा, पाऊस पडून हवा निवली की पहिला. आता घरात सगळ्यांना ते माहीत आहे.

भोसरीचे शेठ, ज्यांचे सगळ्यात जास्त प्रोग्रॅम मी करतो, पावसाळ्याच्या सुरुवातीला म्हणाले, "सर, तुमचा पीसी पळायला लागलाय म्हणे. आमचाही पळवून द्या की." त्यांच्या गाळ्यातला कॉम्प्युटर पोटमाळ्यावर, स्पार्क मशीनच्या बरोबर वर होता. बाजूचं पॅनेल काढलं आणि मी शेठना जवळ बोलावलं. बोर्डावर, रॅमच्या स्लॉटवर, मॉस्फेटवर काळी तेलकट पूड बसली होती. स्पार्क मशीनसाठी गाळ्यात ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड घासतात, त्याची ती पूड, वर कूलंटच्या वाफेचा थर. साधी धूळ फक्त हवा अडवते. ग्रॅफाइट वीज वाहून नेतं.

"शेठ, याला पळवायचं नाही. आधी याला इथून हलवू."

कॉम्प्युटर खाली ऑफिसच्या बंद खोलीत नेला. बोर्ड बाहेर काढून ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, पंख्याची पाती धरून ब्लोअर मारला, नवी पेस्ट लावली, हवा आत येते तिथं फिल्टरची जाळी बसवली. बायोसमध्ये तारीख काही वर्षं मागची दिसत होती, म्हणून सीआर-२०३२ बॅटरी बदलली. एकच रॅम होती, तिच्या जोडीची दुसरी आणायला सांगितली आणि आल्यावर एक्सएमपी चालू करून त्यांच्या ऑफिसात रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवली. रेशोला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला : स्क्रीनवर हिरव्या अक्षरात पास लिहिलंय, आता बंद करू का? मी म्हटलं करा, आणि ऑफिसचं दार मात्र लावून ठेवत जा.